एल्मफर्ड हाउसची यजमानीण

१

रविवारी सकाळी वंदना झाली आणि पोटात उपमा गेला की बाबूराव बूट चढवून दाराशी उभे राहायचे. काही महिन्यांसाठी परदेशी लेकीकडे आलेला हा माणूस यिशुनच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर गुपचूप बसायचा. पेपर वाचायचा, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचा. रविवार मात्र त्याचा असायचा. त्या दिवशी रुपाली त्यांना काहीतरी जुनं दाखवायला न्यायची, कधी किल्ला, कधी तोफांचा बुरूज, कधी युद्धातलं भुयार. जावई प्रबोध जुरोंग ईस्टच्या ऑफिसात रविवारीही अडकलेला असे, त्यामुळे बापलेक दोघंच निघायचे.

बाबूरावांना ऐकू कमी यायचं. सोलापूरच्या एका गिरणीत साच्यांच्या खडखडाटात उभा जन्म गेला होता, कानांनी त्याची किंमत चुकती केली होती. बायको मीराबाई होत्या तोवर त्या त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन दिवसभर काहीबाही सांगत राहायच्या. त्या गेल्या आणि बाबूरावांच्या भोवतीचं बोलणंच थांबलं. लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलायचे, पण थोडंच बोलायचे. रुपालीही त्यातलीच. भूमिगत गाड्यांचा आवाज आजूबाजूच्या घरांत किती पोचतो ते मोजण्याचं तिचं काम होतं. दिवसभर आवाजांत राहून घरी आल्यावर ओरडून बोलण्याचा तिला कंटाळा यायचा. त्याचं तिला वाईट वाटायचं आणि तरीही ती बोलायची नाही.

या खेपेला तिने त्यांना नवी श्रवणयंत्रं करून दिली होती. दोन्ही कानांमागे बसणारी, चिंचोक्याएवढी. प्रत्येकावर एक बारीक बटण होतं. काही म्युझियममध्ये आणि नाट्यगृहांत जमिनीखाली तारेचं वेटोळं बसवलेलं असतं. बोलणाऱ्याच्या माईकमधला आवाज त्या तारेतून थेट यंत्रात उतरतो. बटण दाबलं की यंत्र फक्त तो तारेतला आवाज घेतं आणि बाहेरचं बाकी सगळं बंद होतं. गेल्याच महिन्यात एका म्युझियममध्ये बाबूरावांनी ते दाबून पाहिलं होतं. गाइडचा शब्द न् शब्द कानात पडला तसे ते लहान मुलासारखे हसले होते. तेव्हापासून कुठेही गेलं की त्यांचा हात आधी कानामागे जायचा.

त्या रविवारी दोघं एल्मफर्ड हाउस बघायला निघाले.

२

सेंबावांगच्या बाजूला, जुन्या नौदलतळाजवळ, मोठमोठ्या पर्जन्यवृक्षांच्या सावलीत इंग्रजांच्या काळातले बंगले अजून उभे आहेत. पांढऱ्या भिंती, काळे वासे आणि चहूबाजूंनी उघडा व्हरांडा. एल्मफर्ड हाउस बाहेरून त्यांच्यासारखंच होतं, पण आत पाऊल टाकलं की भलतंच. इतकी वर्षं ते बंद होतं, आता दुरुस्ती चालू होती आणि एका संस्थेने रविवारपुरतं ते लोकांना पाहायला खुलं केलं होतं.

घर दाखवायला मिसेस क्वेक नावाच्या बाई होत्या. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, पांढरेशुभ्र केस, आवाज अगदी हलका. बाई सांगत होत्या की हे घर एका लाकडाच्या व्यापाऱ्याने बांधलं. तो घरातला धाकटा मुलगा. इंग्लंडमधलं वडिलांचं मोठं घर रिवाजाप्रमाणे थोरल्या भावाला गेलं. मग याने इथे, विषुववृत्ताजवळ, आठवणीतून तेच घर खोलीमागून खोली उभं केलं. म्हणून दिवाणखान्यात शेकोटी, भिंतींना गडद लाकडाचे तक्ते आणि पावसाळी थंडीसाठी केलेल्या अरुंद खिडक्या. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत शेकोटीसमोर वीस-बावीस माणसं हाताने वारा घेत उभी होती. कुणीतरी त्या व्यापाऱ्याच्या बायकोबद्दल विचारलं. बाई म्हणाल्या, तिची माहिती मिळत नाही, फोटोसुद्धा नाही.

रुपालीला घर आवडलं. आठवणीतून बांधलेलं घर म्हणजे काहीतरी चुकलेलं असणारच, असं तिच्या मनात आलं आणि ती काय चुकलंय ते शोधत राहिली. एका दाराची चौकट जरा जास्तच उंच होती. एक कोनाडा विनाकारण होता.

बाबूराव दुखरा उजवा गुडघा सांभाळत घोळक्यापासून थोडे दूर उभे होते. कानामागे हात गेला होता आणि चेहऱ्यावर तेच म्युझियममधलं हसू होतं. पण मिसेस क्वेक शेकोटी दाखवत असताना ते खिडकीकडे पाहत होते. मग सगळे छताकडे पाहू लागले तेव्हा यांनी मान वळवली ती शेकोटीच्या वरच्या रिकाम्या फळीकडे.

रुपाली जवळ गेली आणि त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी बटण दाबून यंत्र पूर्ववत केलं.

"काय सुंदर सांगते गं बाई," ते म्हणाले. "इंग्रजी किती स्वच्छ. एक शब्द चुकत नाही."

मिसेस क्वेक यांच्या बोलण्यात तर इथल्या बोलीतल्या 'लाह' आणि 'लोर' यांची रेलचेल होती. रुपालीला हसू आलं. तिने विचारलं, काय सांगितलं तिने?

बाबूरावांनी उत्साहाने सांगितलं. त्या फळीवर घड्याळ आहे, लग्नात सासऱ्याने दिलेलं, ते नेहमी मागे पडतं. खिडकीबाहेर ट्यूलिप लावून पाहिले, तीनदा कुजले. पाहुण्यांनी या खुर्चीत बसू नये, तिचा पाय सुटा आहे.

फळीवर घड्याळ नव्हतं. दिवाणखान्यात एकही खुर्ची नव्हती.

३

रुपाली घाबरली नाही. आधी तिला कुतूहल वाटलं, आणि ते तिच्या धंद्याचंच होतं. यंत्रात आवाज येतोय म्हणजे कुठून तरी येतोय. घोळका जेवणघराकडे सरकला तशी ती मिसेस क्वेक यांच्या बाजूला गेली आणि या घरात बहिऱ्यांसाठी तारेची सोय केली आहे का, असं तिने विचारलं. बाई हसल्या. तार कुठली, म्हणाल्या, घराची वायरिंग तर सगळी तोडून टाकली आहे. व्हरांड्यातले ते पंखेदेखील बाहेरच्या जनरेटरवर चाललेत.

"माझ्या वडिलांना कोणीतरी बोलताना ऐकू येतंय," रुपाली म्हणाली. "ती सांगते, त्या फळीवर घड्याळ होतं."

मिसेस क्वेक मागे फिरल्या. शेकोटीपाशी जाऊन त्यांनी फळीवरून बोट फिरवलं. धुळीखाली लाकडाचा एक चौकोन फिकट होता, काहीतरी वर्षानुवर्षं तिथे उभं असल्यासारखा. इतक्या वेळा इथे उभं राहून बोलले, म्हणाल्या, हे कधी दिसलं नाही.

रुपालीने मनात एकेक शक्यता घेतली. शेजारच्या बंगल्यात कुणी तसली तार बसवली असेल, पण इतक्या दूर पोचणार नाही. नौदलाच्या जुन्या केबली जमिनीत असतील, पण त्यांत आवाज घालणार कोण? बाबा स्वतःच मनाने रचत असतील का? ते इतिहास वाचतात, एकटे असतात. ही शेवटची शक्यता तिला सर्वांत पटली आणि सर्वांत नकोशी वाटली.

खात्री करायचा एकच मार्ग होता. तिने बाबूरावांना एका कानाचं यंत्र काढून मागितलं. रुमालाने पुसून आपल्या कानात बसवलं आणि बटण दाबलं.

जेवणघरातली कुजबुज त्या कानातून नाहीशी झाली. दुसऱ्या कानावर तिने तळहात दाबून धरला. आधी नुसती बारीक घरघर होती, विजेच्या तारांजवळ येते तशी. इथे वीज कुठे आहे, असं तिच्या मनात येतंय तोच घरघरीच्या पलीकडे कुणीतरी श्वास आत घेतला. अगदी जवळ. बोलायला सुरुवात करताना माणूस घेतो तसा, तोंड उघडून घेतलेला.

आणि पुढे काहीच नाही.

रुपाली वाट पाहत राहिली. तो श्वास सुटला नाही. कुणीतरी बोलायला आलं, समोरचं माणूस वेगळंच आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि ते तसंच थांबलं, असं तिला वाटलं. आपल्याकडे कुणीतरी पाहतंय, हे जसं मानेला कळतं तसं तिला कानाला कळत होतं. तिने यंत्र काढलं.

बाबूरावांनी हात पुढे केला होता. "आलं का ऐकू?"

"घरघर आहे नुसती," ती म्हणाली. "बाबा, हे बटण आता नका वापरू. माझ्याबरोबर चला, मी सांगते तुम्हाला मोठ्याने."

ते यंत्र कानात बसवत म्हणाले, "तू कशाला त्रास करून घेतेस. ती सांगतेय की."

४

खरं तर तेव्हाच तिने त्यांचा हात धरून बाहेर पडायला हवं होतं. पण कुतूहल सुटत नव्हतं. मिसेस क्वेक यांचंही तेच. घोळक्याला दुसऱ्या एका स्वयंसेवकाच्या हवाली करून बाईंनी रुपालीला मागच्या स्वयंपाकघराकडे नेलं. तिथल्या भिंतीत जुन्या तारांचा एक जाड जुडगा तोडून ठेवलेला होता, तो बघून काही कळतंय का, असं त्यांना विचारायचं होतं. बाबूराव जेवणघरात, खिडकीपाशी, मजेत उभे होते. ही आलेच, असं रुपालीने त्यांना खुणेने सांगितलं.

तारा मेलेल्या होत्या. तिने त्या हातात घेऊन पाहिल्या, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. यांतून मुंगीही जायची नाही, असं ती बाईंना सांगत असताना वरच्या तक्तपोशीवर पाऊल वाजलं. मग दुसरं. सावकाश आणि जरा घासत, उजवा गुडघा दुखणाऱ्या माणसाचं.

"वर कोण आहे?" तिने विचारलं.

"कुणी नाही. वरचा मजला बंद आहे," मिसेस क्वेक म्हणाल्या. "वाळवीने खाल्लाय."

रुपाली धावली. घोळका पुढे गेला होता, जेवणघर रिकामं होतं. जिन्याला आडवा बांधलेला दोर एका बाजूने सोडून कठड्यावर नीट गुंडाळून ठेवला होता, बाबूराव कपडे वाळत घालायच्या दोरीची गुंडाळी करायचे अगदी तशी. वरून त्यांचा आवाज येत होता. ते कुणाशीतरी मराठीत बोलत होते, घरी आलेल्या माणसाशी बोलावं तसे.

"नाही, बायको नाही," ते म्हणत होते. "तिला जाऊन बरीच वर्षं झाली. नाही, त्रास कसला. मी एकटाच असतो."

मग थोडं थांबून, "हो, आलो, आलो."

५

तिने हाक मारली. मारता मारताच तिच्या लक्षात आलं की त्या बटणामुळे त्यांना बाहेरचं काहीही ऐकू जाणार नाही. ती घसा फोडून ओरडली असती तरी ते ज्या घरात होते तिथे तो आवाज पोचला नसता.

जिना करकरत होता. ती भिंतीच्या बाजूने, पायऱ्यांच्या कडेला पाय ठेवत वर पोचली. वर एक लांब बोळ होता. दोन्ही बाजूंची दारं लावलेली, फक्त टोकाचं उघडं. झडपांच्या फटींमधून दुपारचं ऊन पट्ट्यापट्ट्यांनी आत आलं होतं आणि त्या पट्ट्यांमध्ये बाबूराव पाठमोरे, उंबरठ्यावर उभे होते. मान एका बाजूला कलती, ऐकणाऱ्याची. एक हात चौकटीवर. उजवा पाय आत टाकण्यासाठी उचललेला.

ती त्यांच्या मागे पोचली तेव्हा त्यांच्या खांद्यावरून तिला खोली दिसली.

आत माणसं बसली होती. वेताच्या खुर्च्यांवर, बाकांवर, भिंतीच्या कडेने, दाटीवाटीने. चेहरे नीट दिसेनात, उन्हाच्या पट्ट्या मधून मधून कापत होत्या. म्हातारी माणसं होती एवढं कळलं. एकाचा सूट होता, एकीचा चिनी पद्धतीचा सदरा, एकाच्या खांद्यावर पंचा. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कलत्या होत्या. एका बाईने कानामागे तळहाताचा द्रोण धरला होता. कुणी बोलत नव्हतं. सगळी ऐकत होती, खोलीच्या त्या कोपऱ्याकडे, जो दाराच्या आड होता आणि रुपालीला दिसत नव्हता. आणि बाकाच्या टोकाला बसलेला एक जण, न पाहताच, थोडा आत सरकला. नव्या माणसाला जागा करून देतात तसा.

त्यांना मागे ओढावं तर ते दचकून पुढेच जातील, एवढं भान तिला कसं राहिलं कोण जाणे. तिने डाव्या हाताने त्यांचा सदरा मुठीत धरला आणि उजव्या हाताने त्यांच्या कानामागचं बटण दाबलं. मग दुसऱ्या कानाचं.

बाबूराव जागच्या जागी थरारले. उचललेला पाय अधांतरी राहिला.

"अगं, तू कधी आलीस?" त्यांनी मागे न बघता विचारलं. मग खाली पाहिलं.

उंबरठ्याच्या पलीकडे जमीन नव्हती. तुळया होत्या, त्यांच्यामध्ये मोकळी जागा आणि खूप खाली, कोठीघराच्या फरशीवर, सुतारांनी उभ्या करून ठेवलेल्या फळ्या आणि लोखंडी सळ्या. बाक, खुर्च्या ठेवायला तिथे वीतभर जागा नव्हती. समोरच्या भिंतीवर ओल होती आणि एक पाल.

बाबूरावांनी पाय मागे घेतला. तिच्या मुठीत अजून त्यांचा सदरा होता.

"इथे एवढं शांत का झालं?" ते म्हणाले.

६

मिसेस क्वेक खाली जिन्याशी पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पुन्हा पुन्हा माफी मागितली, फळ्या मागच्याच आठवड्यात काढल्या होत्या, दोराऐवजी दार हवं होतं, असं म्हणाल्या. वर काय झालं ते त्यांनी विचारलं. रुपालीने सांगितलं की वडील चुकून वर गेले. बाई मान हलवत ऐकत होत्या, पण नजर तिच्या खांद्यावरून बाबूरावांच्या कानांकडे जात होती.

तिथून दोघं सेंबावांगच्या जेट्टीवर गेली. गळ टाकून बसलेली माणसं होती, समोर खाडीपलीकडे शेजारच्या देशातलं जोहोर दिसत होतं. बाबूरावांनी पाणी प्यायलं. रुपालीने विचारलं, तेव्हा ते बोलले. बाई चांगली आहे, म्हणाले. इतकी वर्षं माणसं येतात, घर बघतात, पण तिचं कुणी ऐकत नाही. फार थोड्यांना ऐकू येतं. ते वर बसतात. तुम्हीही या, बसा, म्हणाली.

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

त्यांनी विचार केला. "नाही. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याशी एवढं बोललं."

रुपालीने त्यांचा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये जाऊन तिने यंत्रांमधली ती सोय काढून टाकायला लावली. बाबूराव शेजारच्या खुर्चीत बसून होते. काय चाललंय ते त्यांना कळत होतं. त्यानंतरच्या रविवारी ते बूट चढवून दाराशी आले नाहीत. मुदत संपल्यावर सोलापूरला परतले.

७

चार-पाच महिन्यांनी यिशुनच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या मंडईत, भर दुपारी रुपालीला मिसेस क्वेक भेटल्या. त्यांनीच हाक मारली, बसवून घेतलं, बार्लीचं पाणी मागवलं. आवाज आता हलका राहिला नव्हता, चांगला खणखणीत होता. दोन्ही कानांमागे नवी यंत्रं होती. वय झालं, म्हणाल्या, अचानकच कमी यायला लागलं. पण ठीक आहे, लाह, त्याचाही फायदा असतो. वरची जमीन आता पक्की केली आहे. टूर नसली तरी दर रविवारी मी जाते, किल्ली आहे माझ्याकडे. किती गोष्टी कळतात म्हणून सांगू.

रुपालीने पेला खाली ठेवला. तिने विचारलं, ती काय म्हणते?

"तुझ्या वडिलांची आठवण काढते. मी सांगितलं, ते इंडियात आहेत, लांब आहेत." मिसेस क्वेक यांनी पेल्यातला बर्फ ढवळला. "फार अगत्य आहे तिला. घरात आणखी कोण कोण असतं, सगळ्यांची चौकशी करते. मी माझ्या धाकट्या बहिणीचं नाव सांगितलं."

रुपाली तिथून उठली ती सरळ घरी आली. प्रबोध ऑफिसात होता. तिने सोलापूरला व्हिडिओ कॉल लावला. बाबूरावांनी 'जयभीम' म्हटलं, फोन जरा लांब धरला, मग जवळ. ती बोलत राहिली. भाजी काय केली, गुडघा कसा आहे, समोरच्या बिल्डिंगचा रंग झाला का. इतकं एका दमात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. ते खूश होऊन ऐकत होते. शेवटी तिने विचारलं.

"बाबा, त्या दिवशी वर तिने तुम्हाला घरच्यांचं विचारलं होतं का?"

"विचारलं की."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"तुझं नाव सांगितलं. माणूस आपुलकीने विचारतं तर सांगायला नको?" ते म्हणाले. "तुला नीट ऐकू येतं का, असं विचारलं तिने. मी म्हटलं, हो, अगदी चांगलं येतं, तिचं तर कामच आवाजाचं आहे."

"मग?"

पडद्यावर बाबूराव आठवत होते. इंग्रजीतलं बोलणं मराठीत नीट आणायचं म्हणून शब्द जुळवत होते.

"असू दे, म्हणाली. घाई नाही."